गोळी आणि झोपडी : १८९७ च्या प्लेगचे आपले स्मरण

१८९७ साल म्हटले की मराठी वाचकासमोर बहुधा एकच चित्र उभे राहते. पुण्याजवळच्या गणेशखिंडीतला रस्ता, २२ जूनची रात्र, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रोषणाई, परतणाऱ्या बग्ग्या आणि चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेली गोळी. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ साली या घटनेवर चित्रपट केला, तेव्हा त्याचे नावही '२२ जून १८९७' असेच ठेवले. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त, लोकमान्यांवरचा राजद्रोहाचा खटला आणि त्यांना झालेली अठरा महिन्यांची शिक्षा, हे सारे याच चित्राभोवती गुंफलेले आहे. हे चित्र खोटे नाही. मात्र त्यात प्लेग केवळ पार्श्वभूमी म्हणून येतो. राजकीय नाट्याला निमित्त पुरवून तो पडद्याआड जातो.

वस्तुतः रँडच्या मृत्यूनंतरही प्लेग कित्येक वर्षे राहिला. १८९६ पासून पुढच्या तीनेक दशकांत हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक बळी घेतले. मग या काळात जी माणसे वाचली, ती कशी वाचली? रोग टाळण्यासाठी त्यांनी काय केले, ते त्यांना कोणी शिकवले, आणि त्यातले काय खरोखर उपयोगी होते? हे प्रश्न वैद्यकाच्या इतिहासकाराचे आहेत, साहित्याच्या अभ्यासकाचे नाहीत, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु प्लेगच्या प्रतिबंधाचा इतिहास हा बऱ्याच अंशी शब्दांचा इतिहास आहे. कोणाचे शब्द ज्ञान म्हणून नोंदले गेले आणि कोणाचे अडाणी समजूत म्हणून सोडून दिले गेले, याचा तो इतिहास आहे.

मांडवी ते पुणे

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी तपासले आणि हा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. वखार आली की उंदीर आले. हाँगकाँगमध्ये १८९४ साली हीच साथ आली होती आणि तेथे येर्सिन याने रोगाचा जंतूही शोधला होता. जंतू सापडला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे वैद्यकाला अद्याप उमगलेले नव्हते. पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ या अंतरात आहे.

मार्ग ठाऊक नव्हता तरी उपाय तातडीने करणे सरकारला भाग होते. मुंबईच्या बंदरातून येणारा माल युरोपने अडवला तर साम्राज्याच्या व्यापाराची नाडीच आखडणार होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. तो अवघ्या चार कलमांचा होता. दुसऱ्या कलमाने सरकारला साथीच्या काळात वाटेल तो तात्पुरता नियम करण्याची मुभा दिली, तर चौथ्या कलमाने त्या नियमांची सद्भावनेने अंमलबजावणी करणाऱ्यावर दावा लावण्याची सोय काढून घेतली. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणे बंद करण्यात आले आणि आगगाडीच्या स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली.

पुण्यात हा कायदा गोऱ्या सोजिरांच्या हातात गेला. फेब्रुवारीत आलेल्या रँडच्या अध्यक्षतेखालील समितीने मार्च ते मे या महिन्यांत घरोघर झडत्या घेतल्या. उजेड यावा म्हणून कौले काढली गेली, जमिनी उकरल्या गेल्या, सामान रस्त्यावर आणून जाळले गेले. गाठ काखेत किंवा जांघेत येते, म्हणून स्त्रीपुरुषांची अंगे तपासली गेली, आणि तीही पुष्कळदा चारचौघांत. आजारी माणूस सापडला की तो इस्पितळात आणि घरची निरोगी माणसे 'सेग्रिगेशन कँपात'. मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी विटंबना उघड केली. इंग्लंडमध्ये असलेल्या गोखल्यांनी सोजिरांवरील आरोप तेथे जाहीरपणे मांडले. मायदेशी परतल्यावर ते पुराव्यानिशी सिद्ध करता येईनात, तेव्हा त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांनी साक्ष देणे म्हणजे स्वतःची अब्रू चव्हाट्यावर आणणे होते. पुरावा मिळाला नाही याचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

तीन नावे, तीन निदाने

या रोगासाठी त्या काळी मराठीत निरनिराळे शब्दप्रयोग रूढ झाले आणि प्रत्येकात रोगाविषयीची एक वेगळी कल्पना दडलेली आहे. पंडिती आणि वृत्तपत्री मराठीने त्याला 'ग्रंथिक सन्निपात' म्हटले. सन्निपात म्हणजे तिन्ही दोषांचा एकाच वेळी प्रकोप. या नावाने रोगाचे स्थान रोग्याच्या शरीरात ठरते. सरकारी व्यवहारातून आलेले 'सेग्रिगेशन' आणि 'क्वारंटीन' हे शब्द रोगाचे स्थान माणसामाणसांतील संपर्कात ठरवतात, कारण माणसाला माणसापासून तोडणे हाच त्यांचा अर्थ आहे.

तिसरा प्रयोग गावोगावच्या बोलण्यातला आहे : 'उंदीर पडले'. यात रोगाचे नावही नाही. आढ्यावरून, वळचणीतून, कणगीमागून उंदीर बाहेर येतात, झिंगल्यासारखे फिरतात आणि मरून पडतात. घरात उंदीर पडला की काही दिवसांत माणूस पडणार, एवढेच ज्ञान या दोन शब्दांत साठवलेले आहे. येथे रोगाचे स्थान शरीरात नाही आणि संपर्कातही नाही, ते घरात आहे. त्यातून निघणारा उपायही सरळ होता : घर सोडावे.

ही जाण जुनी होती. बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात आग्र्याच्या आसपास आलेल्या साथीचा वृत्तान्त देताना आसफखानाच्या मुलीने सांगितलेली हकिकत नोंदवली आहे : घरात एक उंदीर झिंगत फिरताना दिसला, मांजरीने त्याला तोंडात धरले आणि लगेच टाकून दिले, आणि त्यानंतर घरातली माणसे पटापट दगावू लागली. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांतले लोक 'महामारी'च्या काळात उंदीर मरू लागताच गाव सोडून वर रानात जात, हे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले होते. म्हणजे माहिती कागदावर आलेली होती. तिला पुरावा मानायला मात्र कोणी तयार नव्हते.

फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमोंद याने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेगच्या उंदरापासून निरोगी उंदराकडे रोग जातो तो पिसवांमार्फत. उंदीर मेला, त्याचे अंग थंड पडू लागले की पिसवा ते सोडून दुसरे ऊबदार शरीर शोधतात. उंदीर शिल्लक नसले की ते शरीर माणसाचे असते. सिमोंदचे म्हणणे बराच काळ हसण्यावारी नेले गेले. मुंबईत ग्लेन लिस्टन याने प्लेगग्रस्त घरात गिनी पिग सोडून त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा तपासल्या आणि १९०५ नंतरच्या संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांनी सिमोंदचे म्हणणे खरे ठरवले, तेव्हा कुठे वाद मिटला. उंदीर पडणे आणि माणूस पडणे यांच्यात काही दिवसांचे अंतर का असते, याचा उलगडाही मग झाला.

या उजेडात १८९७ च्या उपायांकडे पाहिले की त्यातला विपर्यास ध्यानी येतो. गाठीचा प्लेग सहसा रोग्याच्या जवळ बसल्याने होत नाही. तो फुप्फुसात उतरला तरच श्वासावाटे दुसऱ्याला जडतो. म्हणजे स्थानकांवरची तपासणी, रोग्याला घरच्यांपासून ओढून नेणे, यांनी फारसे साधत नव्हते. सारे लक्ष माणसावर होते आणि धोका घरात होता. मुंबईत मोऱ्या समुद्राच्या पाण्याने आणि जंतुनाशकांनी धुऊन काढल्या, त्याचा एक परिणाम मोऱ्यांतले उंदीर घरांत शिरण्यात झाला असावा.

छावणी आणि झोपडी

या इतिहासातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग यापुढे येतो. सेग्रिगेशन कँप आणि लोकांनी रानात घातलेल्या झोपड्या यांचा आरोग्याच्या दृष्टीने फायदा एकाच कारणाने होत होता. दोहोंमध्ये माणूस उंदरांच्या घरातून निघून मोकळ्या जागी येत होता. सरकार ज्याला संपर्कबंदी समजत होते ते नकळत घरबदल होते. म्हणजे ज्या उपायाचा लोकांनी एवढा धसका घेतला, त्यातला उपयोगी अंश लोकांना आधीपासून ठाऊक होता आणि सवड मिळेल तेथे ते तो आचरतही होते.

मग विरोध कशाला होता? निर्णय कोणी घ्यायचा, कधी घ्यायचा आणि कोणासह जायचे, यातल्या प्रत्येक गोष्टीवरचा अधिकार छावणीत हिरावला जात होता. झोपडीत कुटुंब एकत्र राही, चूल आपली असे, आजाऱ्याची उशागती आपले माणूस बसे. कँपात घर फुटत असे. टिळकांनी पुणे न सोडता हिंदू प्लेग इस्पितळ उभे करण्यासाठी जी खटपट केली तिच्यामागेही हीच जाणीव होती. उपचाराला नकार नव्हता. उपचार विश्वासाच्या माणसांच्या हातून मिळावा, ही मागणी होती. मुंबईत ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला आणि मार्च १८९८ मध्ये पुन्हा दंगल उसळली, तेव्हा सरकारलाही हा धडा घ्यावा लागला. पुढे सक्ती सैल होत गेली आणि गाव खाली करण्यासाठी झोपड्यांना मदत देणे हा मार्ग हळूहळू रूढ झाला.

लोकज्ञानाचे गोडवे गाऊन येथे थांबणे मात्र सोयीचे असले तरी प्रामाणिक होणार नाही. पहिल्या काही महिन्यांत मुंबईच्या सुमारे साडेआठ लाख वस्तीपैकी चार लाखांच्या आसपास माणसे शहर सोडून गेली. त्यांच्या वळकट्यांतून, कपड्यांतून, धान्याच्या पोत्यांतून प्लेगच्या पिसवाही गेल्या. गावाबाहेरच्या माळावर जाणे आणि आगगाडीने दीडशे मैल जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीने माणसे वाचली, दुसरीने साथ पसरली. शिवाय झोपडी घालायला जागा लागते, गवत-बांबू लागतात, आणि हातावरचे पोट काही दिवस थांबवता यावे लागते. ज्याचे शेत आहे तो शेतात गेला. ज्याचे नाही तो कोठे गेला असेल, याचे उत्तर आपल्या आठवणींच्या वाङ्मयात फारसे सापडत नाही, कारण त्या आठवणी बहुतांशी शेत असणाऱ्यांनी लिहिल्या आहेत.

लस आणि भीती

दुसरा प्रतिबंधक उपाय लसीचा. वाल्देमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका तोकड्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील तयार असलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस पूर्ण संरक्षण देत नसे, ताप आणि अंगदुखी पुष्कळ होई, तरी रोग होण्याचे आणि त्यात दगावण्याचे प्रमाण तिने घटत असे. तिसऱ्या आगाखानांनी ती चारचौघांसमोर टोचून घेतली आणि आपल्या खोजा अनुयायांना धीर दिला. प्रतिबंधाच्या कामात उदाहरणाचे बळ कायद्याहून किती अधिक असते, याचा हा त्या काळातला स्पष्ट दाखला आहे.

विश्वास मिळवायला वर्षे लागतात, जायला एक कुपी पुरते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. दोष प्रयोगशाळेवर ढकलून हाफकिनला दूर करण्यात आले. बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीपणाचा पुरावा पुढे आला तरी त्याच्यावरचा ठपका निघायला १९०७ साल उजाडावे लागले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले. आज मुंबईकर 'हाफकिन' हा शब्द संस्थेचे नाव म्हणून सहज उच्चारतो. त्या नावामागचा माणूस बहुतेकांना ठाऊक नसतो.

लिहिलेले आणि न लिहिलेले

आता पुन्हा वाङ्मयाकडे येऊ. प्लेगच्या प्रतिबंधाची, शुश्रूषेची, घर सोडून राहण्याची नोंद मराठीत झालीच नाही, असे नाही. मात्र ती कथा-कादंबरीपेक्षा आत्मचरित्रांत, आणि तेथेही ओझरती सापडते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त प्लेगच्या छावणीतले दिवस येतात. भयाच्या जोडीला रोजच्या कामाचा आणि विनोदाचा सूर तेथेही सुटत नाही. सावरकरांच्या 'माझ्या आठवणी'त १८९९ सालचा भगूरचा प्लेग आहे, ज्यात त्यांचे वडील गेले आणि दोघे भाऊ मरणाच्या दारातून परतले. पुढे मोठा राजकीय पुरुष झालेल्या मुलाने पाहिलेले ते घरगुती मरण आहे आणि त्या पुस्तकातल्या अस्सल पानांत ती पाने मोडतात.

सावित्रीबाई फुल्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. पुण्याबाहेर मोकळ्या माळावर डॉ. यशवंत यांनी चालवलेल्या दवाखान्यात त्या रोगी आणून पोहोचवत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी पाठीवर वाहून आणले असे सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. पुढे १९०५ साली यशवंतही प्लेगनेच गेले. रँडच्या समितीच्या झडत्या सुरू झाल्या त्याच आठवड्यातला हा मृत्यू आहे. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, रोग्याला उचलून नेण्याच्या या दोन रीती चालू होत्या. एकीत सोजीर उचलून नेत होता, दुसरीत सहासष्ट वर्षांची बाई पाठीवर घेऊन जात होती. पहिली रीत आपल्या इतिहासात सविस्तर लिहिली गेली. दुसरीची दखल शिक्षणकार्याच्या चरित्रातले शेवटचे पान म्हणून घेतली गेली. प्लेगचा इतिहास म्हणून ती वाचली गेली नाही.

तसेच कर्व्यांचे. अण्णासाहेबांनी अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्याला नेला, त्यामागे शहरातला सनातनी विरोध हे एक कारण होते, आणि पुण्यातला प्लेग हे दुसरे. हिंगण्याच्या माळावरची ती पहिली झोपडी स्त्रीशिक्षणाचे स्मारक म्हणून आपण ओळखतो. ती प्लेगकाळातल्या असंख्य झोपड्यांपैकीही एक होती, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. बाकीच्या झोपड्या पावसाळ्यात वाहून गेल्या. ही एक राहिली, कारण तिच्यातून संस्था उभी राहिली.

गोळीला तारीख असते, नायक असतो, खटला असतो, फाशी असते. कथानकाला लागणारे सारे तिच्यात असते. झोपडीत काही घडत नाही, आणि काहीही न घडणे हेच तिचे यश असते. टळलेल्या मृत्यूची गोष्ट कशी सांगायची, हा वाङ्मयापुढचा खरा प्रश्न आहे, आणि मराठी कथनपरंपरेने तो अद्याप पुरता हाताळलेला नाही. चापेकरांचे शौर्य कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. ज्या अपमानातून ती गोळी सुटली तो अपमान खराच होता. परंतु केवळ तिचीच आठवण ठेवल्याने एक घातक समज मागे उरतो : साथीतला प्रतिबंध म्हणजे सरकारचा जुलूम, आणि लोकांचे काम म्हणजे त्याला विरोध. लोकांचा स्वतःचा प्रतिबंधही होता, तो पाहून-पारखून घडला होता आणि कित्येकदा सरकारी शास्त्राच्या पुढे होता, हे या समजाखाली झाकले जाते.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि पुढच्या महिन्यात गाठीच्या तापाचे रोगी आढळले. साथीच्या इंग्रजी परिभाषेत अशा घटनेला 'रॅट फॉल' म्हणतात. आपल्या आज्या ज्याला 'उंदीर पडले' म्हणत, तेच शास्त्राने आपल्या भाषेत लिहून घेतले होते. त्यानंतर मार्च २०२० मध्ये, कोविडच्या आरंभी, महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच कायदा लागू केला. त्या वर्षी वर्तमानपत्रांतून रँडची आठवण पुष्कळांनी काढली. कायद्याबरोबर त्याची गोष्टही आपल्याला वारशाने मिळाली होती. लोकांनी आपापसांत ठरवून गाव कसे रिकामे केले, एकमेकांच्या झोपड्या कशा शाकारल्या, मागे राहिलेल्यांना भाकरी कोणी पोहोचवली, याची गोष्ट मात्र मिळाली नव्हती, कारण ती कोणी नीट लिहूनच ठेवली नव्हती. जुन्या रोजनिशा, नगरपालिकांची दप्तरे, घराघरांतली पत्रे आणि ओव्या यांत ती विखुरलेली असणार. ती गोळा करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेही काम आहे, कारण पुढची साथ येईल तेव्हा कायदा हाताशी असेलच. विश्वास कसा बांधला जातो याचे उदाहरण मात्र शोधावे लागेल.